बाळंतपण कोणी करायचे?

मराठीत 'बाळंत होणे' आणि 'बाळंतपण करणे' अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांचे कर्तेही वेगळे आहेत. बाळंत होते ती लेक. बाळंतपण करते ती तिची आई. जिच्या देहाला कळा येतात तिच्या वाट्याला अकर्मक क्रियापद, आणि जी शेगडी पेटवते, डिंकाचे लाडू वळते, तेल लावते तिच्या वाट्याला सकर्मक. या व्यवस्थेत माया आहे, तशी सत्ताही आहे. 'मी तिची दोन बाळंतपणे केली' हे वाक्य पुष्कळदा मायेने उच्चारलेले असते, आणि पुष्कळदा हिशेब म्हणूनही. जनावरांसाठी भाषेने तिसरे क्रियापद राखून ठेवले आहे. गाय व्याली, म्हैस व्याली, मांजर व्याली. तिथे 'करणारे' कोणी, निदान व्याकरणात तरी, नसते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिन्यात एक भटकी मांजर पोट ओढत वावरू लागली तेव्हा हा व्याकरणाचा प्रश्न अचानक व्यवहाराचा झाला. तिला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावे, अशी सूचना इमारतीतून आली. सुचवणारे गृहस्थ दुष्ट नव्हेत. त्यांच्या घरी तसेच करीत आले असावेत. मी म्हटले, तिला व्यायला जागा करून देऊ, पुढचे पुढे पाहू.

जागा करणे तसे अवघड नसते. मांजरीची गर्भावस्था सुमारे 63 ते 65 दिवसांची. शेवटच्या आठवड्यात ती अंधारे कोपरे धुंडाळू लागते. तिला अंग पसरून निजता येईल एवढे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. दाराचा उंबरठा जमिनीपासून 10-12 सेंटिमीटर उंच ठेवावा, म्हणजे आईला ओलांडता येतो आणि पिल्ले घरंगळून बाहेर येत नाहीत. तळाशी वर्तमानपत्रांचे थर, वर धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे. टर्किश टॉवेल नको. त्याच्या फासांत पिल्लांची नखे अडकतात. पाणी आणि अन्न जवळ असावे. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे आणि कान मिटलेले असतात, आणि स्वतःची ऊब स्वतः राखण्याची शक्ती त्यांच्यात नसते. डोळे उघडायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर कोरडेपणा, ऊब आणि अंधार हेच त्यांचे जग.

हे सगळे मी केले आणि खोके आमच्या गॅलरीत, मला खुर्चीवरून दिसेल असे ठेवले. ती आली, हुंगली, निघून गेली. दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आले की ते खोके मी तिच्यासाठी बांधले होते खरे, पण मांडले होते माझ्यासाठी. मग ते जिन्याखाली नेले आणि त्याचे तोंड भिंतीकडे केले. त्या रात्री ती आत गेली.

माझा मुद्दा एवढाच आहे. जागा करून देणे ही कृती पाठ फिरवल्याशिवाय पूर्ण होत नाही. पिल्लावरचा पडदा ती स्वतः फाडते, नाळ स्वतः तोडते, वार खाऊन टाकते, चाटून चाटून श्वास सुरू करते. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, तर मात्र पशुवैद्याला गाठावे. त्यासाठी दुरून लक्ष असावे लागते. पण लक्ष ठेवणे वेगळे आणि प्रेक्षक होणे वेगळे.

आपल्या साहित्याने या आईकडे फारसे पाहिलेले नाही. संतांच्या कवितेत कासवी आहे, पक्षिणी आहे, हरिणी आहे, गाय तर आहेच. मांजर आपल्याला भेटते ती बहुधा म्हणीत, डोळे मिटून दूध पिणारी. बंगालात मात्र तीच मांजर षष्ठीदेवीचे वाहन आहे. तिथल्या व्रतकथेत धाकटी सून चोरून खाते आणि आळ मांजरीवर घालते. मग मांजर तिची मुले एकेक करून उचलून देवीकडे नेते. ज्या सटवाईची पूजा आपण बाळ जन्मल्यावर करतो ती नावाने हीच षष्ठी. आपण देवी ठेवली, वाहन मात्र विसरलो.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी मांजरीची आठवण ठेवली, ती मार्जारकिशोर न्यायात. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते, मांजरीचे पिल्लू सगळा भार आईवर सोपवते. तेंकलै आणि वडकलै या पंथांतला शरणागतीविषयीचा वाद या दोन चित्रांतून मांडला गेला. हे रूपक पिल्लाच्या बाजूने पाहते. मांजरीला एका जागी निश्चिंत राहता येत नाही, म्हणून ती पिल्लू तोंडात धरते, हे त्यात दिसत नाही. 'मांजर पिल्लांना सात घरे फिरवते' हे आपल्या आज्यांचे निरीक्षण मला अधिक नेमके वाटते. आमच्या मांजरीला चार पिल्ले झाली, त्यातले एक गेले. नवव्या दिवशी तिने उरलेली तिन्ही पिल्ले गच्चीवरच्या टाकीमागे नेली. रिकामे खोके पाहून मी दुखावलो, आणि दुखावलो याचीच मला लाज वाटली.

एक विसंगती सांगितली पाहिजे. पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे काही महिन्यांत तोच जिना आणि तेच पोते. म्हणून पिल्ले सुटी झाल्यावर, सुमारे दोन महिन्यांनी, तिला पिंजऱ्यात पकडून नसबंदीसाठी नेले. निवड तिची असे म्हणणारा मी त्या दिवशी पूर्णपणे सकर्मक झालो. ते आवश्यक होते असे मला आजही वाटते. पण त्याला सेवा म्हणावे असे वाटत नाही. माणसांच्या वस्तीत तिने राहावे यासाठी तिच्याकडून घेतलेली ती किंमत आहे, आणि ती आपण ठरवलेली आहे. व्यायला जागा देणार्‍याने हा दुसरा भाग टाळला तर त्याचे काम अर्धे राहते. आणि दुसरा भाग करून स्वतःला उदार समजला तर तो स्वतःलाच फसवतो.

ते पोतेवाले गृहस्थ आता येणार्‍याजाणार्‍याला कौतुकाने सांगतात, 'यांनी मांजरीचे बाळंतपण केले.' मी दर वेळी दुरुस्ती करतो. मांजर व्याली. मी खोके ठेवले होते.