मागच्या चौघांचा वेळ

व्यवसायाच्या निमित्ताने गोल्फच्या मैदानावर पाऊल ठेवणारी तरुण मंडळी आता आपल्या परिचयाच्या कुटुंबांतूनही दिसू लागली आहेत. प्रशिक्षक त्यांना क्लब कसा धरावा हे शिकवितो. परंतु सोबत खेळणारा वडीलधारा व्यापारी फटक्यापेक्षा वागणे अधिक बारकाईने पाहत असतो, आणि त्यात पहिला प्रश्न येतो तो वेळेचा.

अठरा होलच्या डावास चौघांना साधारणतः चार तास किंवा थोडे अधिक लागतात. येथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येकी ९० फटके धरल्यास चौघांचे ३६० होतात. दर फटक्यामागे दहाच सेकंद जास्त गेली, तर ३,६०० सेकंद, म्हणजे पुरता एक तास वाढला. शिवाय हा तास आपल्याच खाती पडत नाही. मागून येणाऱ्या प्रत्येक गटाच्या नावे तो चढत जातो.

म्हणूनच २०१९ साली अमलात आलेल्या नव्या नियमांत एका फटक्यास ४० सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये, अशी शिफारस केली आहे. हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीनवर आणली गेली. ज्याचा चेंडू दूर त्याने आधी खेळावे, ही जुनी रीत. पण आता सुरक्षितता सांभाळून जो सिद्ध असेल त्याने खेळावे, यास नियमांचेच प्रोत्साहन आहे. नवख्यांना हे उद्धटपणाचे वाटते. वस्तुतः सोबत्यांना 'मी खेळू का?' एवढे विचारले की पुरे.

ग्वान त्यानलांग हा चीनचा अवघ्या चौदा वर्षांचा हौशी खेळाडू २०१३ मध्ये ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत उतरला होता. दुसऱ्या दिवशी, आधी ताकीद मिळूनही वेग न वाढल्याने, सतराव्या होलवर त्याच्या नावे एक दंडाचा फटका लिहिला गेला. मुलाने तो निर्णय शांतपणे स्वीकारला. पुढील फेरीत तो पोहोचला, पण अगदी काठावर. आणखी एक फटका वाढता तर परतावे लागले असते. वयाकडे पाहून सवलत द्यायला हवी होती, असे म्हणणारे तेव्हाही होते. मला तो दंड योग्य वाटतो.

आपला गट मागच्यांच्या पुढे आहे, एवढ्याने भागत नाही. पुढच्या गटाशी अंतर पडू देऊ नये. पडलेच, आणि मागचे थांबून असतील, तर त्यांना आदराने पुढे जाऊ द्यावे. मात्र घाईच्या नावाखाली बंकरमधील वाळू तशीच विस्कटलेली सोडणारे किंवा ग्रीनवर चेंडूने पडलेला खड्डा न बुजविणारेही पुष्कळ भेटतात. त्या कामाला अर्धे मिनिटही लागत नाही. वेळ वाचवायचाच असेल, तर गुणपत्रिका ग्रीनवर उभे राहून न भरता पुढच्या टीवर जाऊन भरावी.