सुट्टीला कुठं जायचं, हे ठरवतं कोण?

ठिबकच्या नळ्या गुंडाळून झाल्या, म्हणून आज जरा पिकाबाहेरचं लिहितो.

काल धार काढताना मुलीनं विचारलं, "आबा, या सुट्टीत तरी जायचं का कुठं?" पाच गायी, दोन वेळची धार, त्यात गडी लग्नाला गेलेला. आमच्या घरी सुट्टीचं गोठा ठरवतो. तिचं ऐकून मला बिल क्लिंटनचं घर आठवलं.

1993 अन् 1994 च्या उन्हाळ्यात हे कुटुंब मार्थाज व्हिनयार्ड बेटावर गेलं होतं. समुद्र, गोल्फ, श्रीमंतांची जागा. पुढं 1996 ची निवडणूक जवळ आली. डिक मॉरिस या सल्लागारानं चक्क मतदारांचा सर्व्हे करून घेतला, की अध्यक्षानं सुट्टी कुठं घालवलेली लोकांना आवडेल! उत्तर निघालं, डोंगरात, पायी हिंडत, तंबूत. झालं. 1995 ला सगळे वायोमिंगच्या डोंगरात, जॅक्सन होलला. (मुक्काम मात्र सिनेटर रॉकफेलरच्या घरी.) 1996 लाही तिथंच. निवडणूक जिंकली अन् 1997 ला स्वारी परत बेटावर.

लोक हसले, मीही हसलो. पण जॅक्सन होलजवळच यलोस्टोनचं जंगल आहे आणि त्याच्या हद्दीलगत सोन्याची खाण निघणार होती. खाणीचं आम्लयुक्त पाणी ओढ्यांत उतरेल ही भीती. 1996 च्या ऑगस्टमध्ये, सुट्टीतच, क्लिंटननं यलोस्टोनला जाऊन जाहीर केलं की खाण होणार नाही, बदल्यात कंपनीला साडेसहा कोटी डॉलरची सरकारी मालमत्ता देऊ. सुट्टीमुळंच झालं असं म्हणणार नाही, लढणारे आधीपासून लढत होतेच. पण पुढारी राहतो तिथं कॅमेरे, अधिकारी, फायली मागोमाग येतात. मंत्र्याच्या गावचा रस्ता बघा.

म्हणून म्हणतो, आपल्या नेत्यांनी दिखाव्यासाठी का होईना, मे महिन्यात आठ दिवस सहकुटुंब टँकरच्या गावात काढावेत. दौरा नको, दौऱ्याला टँकर आधीच भरून उभा असतो. मुक्कामच हवा. घरच्यांनी हंडा घेऊन रांगेत थांबावं, रात्री 2 वाजता लाईट आली की साहेबांनी बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावं. तिसऱ्या दिवशी फोन कुणाकुणाला जातात बघू.

मुलीला सांगितलंय, गडी आला की दोन दिवस गुहागरला जाऊ. तिची आई म्हणाली, "अहो, आला तर!"