म्हातारपण नकाशात धरा

तूर निघते, कापसाचे चुकारे हाती येतात आणि यवतमाळ जिल्ह्यात घरकामाचे दिवस सुरू होतात. पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे, म्हणून वणीपासून उमरखेडपर्यंत दारोदारी रेती-गिट्टीचे ढीग लागतात आणि मिस्त्री शोधूनही सापडत नाही. टाईल्सचा रंग, पोर्चचा आकार, देवघराची दिशा यावर घरात रात्र-रात्र चर्चा होते. ज्या आईवडिलांचा सगळा दिवस या घरात जायचा आहे, त्यांना इथे पुढची वीस वर्षे कशी वावरता येतील, हे मात्र कुणी विचारत नाही. तो प्रश्न निघतो ‘माय न्हाणीत पडली’ असा फोन पुण्याला किंवा हैदराबादला गेल्यावर.

पडणे ही किरकोळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. जी वाचतात, त्यांच्यातही खुब्याचे हाड मोडलेली कितीतरी माणसे पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत. दवाखान्यातून सुट्टी मिळते तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते की ओट्याला पाच पायऱ्या आहेत, संडासाचे दार अरुंद आहे आणि धरायला कुठेच काही नाही. मग नवी फरशी फोडायची, चौकट काढायची, तीही रुग्ण घरात असताना. हेच काम घर बांधताना केले असते, तर मिस्त्रीच्या मजुरीतही फारशी भर पडली नसती.

सुरुवात जोत्यापासून करू. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात रस्ता दर खेपेला जुन्या थरावर नवा थर टाकून उंच होत जातो. घरात पाणी शिरू नये म्हणून जोते दोन-अडीच फूट उंच घेतात आणि ते बरोबरच आहे. पण दोन फूट चढायला चाकाच्या खुर्चीला २४ फूट लांबीचा उतार लागतो, कारण एकास बारा हे सर्वमान्य प्रमाण आहे. बहुतेक घरांसमोर आज जो उतार दिसतो, तो मोटारसायकल चढवण्यासाठी सहा फुटांत आटोपलेला असतो. त्यावरून खुर्ची ढकलणे धोक्याचे आणि वॉकर घेऊन उतरणे त्याहून धोक्याचे. २४ फूट समोरच्या मोकळ्या जागेत बसत नाहीत. बाजूच्या कंपाउंडला लागून, मध्ये एक वळण घेऊन बसतात. ती जागा नकाशातच सोडावी लागते. तेवढीही जागा नसेल तर पायऱ्या सहा इंचांपेक्षा उंच करू नयेत, पाऊल पूर्ण टेकेल इतक्या रुंद कराव्यात आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा लावावा. तो जिल्ह्यातला कोणताही वेल्डर करून देईल.

खरी परीक्षा न्हाणीघरात असते. तिथले दार सव्वादोन फुटांचे, कधी त्याहूनही लहान. चाकाची साधी खुर्ची दोन फुटांहून जास्त रुंद, म्हणजे ती दारातच अडते. दार तीन फुटांचे घेतले तर चौकटीच्या किमतीत फार फरक पडत नाही. ते बाहेर उघडणारे असावे. आत पडलेल्या माणसाच्या अंगावर आत उघडणारे दार ढकलता येत नाही आणि आतली कडी लागली असेल तर मदत पोहोचण्यात मोलाची मिनिटे जातात. चकाकणाऱ्या टाईल्स दुकानात छान दिसतात, साबणाच्या पाण्यात पाय ठरू देत नाहीत. तिथे खरबरीत फरशीच हवी.

यवतमाळच्या न्हाणीघराची आणखी एक अडचण आहे. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी धरणे आटली आणि शहराने नळासाठी कित्येक दिवस वाट पाहिली. अशा टंचाईत साठवणीची सवय हाडीमाशी खिळते. म्हणून न्हाणीत ड्रम, बोळीत ड्रम, त्यांच्या कडेने कायम ओल. वाकून बादली भरणारी सत्तरीची बाई नेमकी तिथेच घसरते. साठवणीची टाकी गच्चीवर किंवा परसात न्यावी, नळ कमरेच्या उंचीवर घ्यावा आणि चालायची वाट कोरडी ठेवावी. उन्हाळ्यात कूलरची नळी आणि वायर खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेत आडवी पडलेली असते. तीही भिंतीच्या कडेने न्यावी. रात्री वीज जाते तेव्हा त्याच वाटेवर बॅटरीचा एक दिवा आपोआप लागला पाहिजे.

दांडे कुठे लावायचे हे ठरवायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. जुन्या घरात भिंतीकडे नीट पाहावे. खाटेजवळ, दाराच्या कडेला, संडासाच्या बाजूला भिंतीवर एक मळकट डाग पडलेला असतो. रोज उठताबसता म्हाताऱ्या हाताने तिथेच आधार घेतलेला असतो. दांडा तिथे हवा. मात्र टॉवेलच्या दांडीवर विसंबू नये. ती माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते. भिंत चार इंची असेल तर दांड्याची जागा बांधतानाच काँक्रीटने भरून घ्यावी. कवेलूच्या जुन्या घरात मातीच्या भिंतीला खिळाही धरत नाही. तिथे जमिनीत काँक्रीट करून लोखंडी पाइप उभा रोवावा आणि वर आढ्याला बांधावा. काम भागते आणि खर्चही थोडा येतो.

घरोघरी हे होत नाही, त्याला पैसा हे एकच कारण नाही. ‘मले काय धाड भरली?’ असे म्हणून म्हातारी माणसेच नको म्हणतात. मुलांना वाटते, दांडे लावले तर बाबांना वाईट वाटेल. दोघांचेही मन समजण्यासारखे आहे. पण तीन फुटांचे दार आणि हाताला आधार बाळंतपणाला आलेल्या लेकीला लागतो, गाडीवरून पडून पायाला प्लास्टर लागलेल्या तरुणालाही लागतो. धडधाकट माणूसही कधीतरी तापातून उठतोच. तेव्हा ही सोय आजाऱ्यासाठी वेगळी न मानता घराचाच भाग म्हणून बांधावी आणि कुठे काय हवे, हे आईवडिलांना विचारूनच ठरवावे.

आता सरकारकडे वळू. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सुलभतेची सक्ती करतो. या बाबतीतले नियम केवळ शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४मध्ये बजावले. पण हे सारे मुख्यतः सार्वजनिक जागांसाठी. खासगी घराच्या उंबऱ्यापर्यंत कायदा येत नाही आणि कुणाच्या घरात शिरून दंड करावा अशी आमचीही मागणी नाही. मात्र जे घर सरकारी पैशातून उभे राहते, तिथे सरकारला असे अंग काढून घेता येणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरले आहेत. शौचालयासाठी १२ हजार वेगळे मिळतात. एवढ्या पैशातही दार किती रुंद घ्यायचे, पायरी किती उंच ठेवायची, संडासात आधाराचा पाइप रोवायचा की नाही, हे ठरवता येते. दिव्यांगांसाठी घरगुती शौचालय कसे असावे, याची पुस्तिका केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने २०१५मध्येच काढली आहे. ज्ञान नाही, ही सबब चालणार नाही.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४मध्ये आली. तिच्यात पासष्टी ओलांडलेल्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण वॉकर दाराशी अडत असेल आणि कमोड खुर्ची न्हाणीत मावत नसेल, तर ती मदत अर्धीच राहते. घरात पक्के बसवायचे दांडे आणि कठडे हेही या यादीत यायला हवेत. स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा लागतो. ज्यांना चालता येत नाही, अशांच्या घरची एक पायरी आणि एक दार दुरुस्त करण्यासाठी ग्रामपंचायतीने तो निधी वापरावा.

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि प्रत्येक पंचायत समितीत घरकुलांची मोजमापे घेणारे अभियंते आहेत. घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यांनुसार सुटतात. जोत्याच्या टप्प्याला पायरीची उंची आणि चौकटीच्या टप्प्याला दाराची रुंदी तपासून मगच सही करावी, एवढा एक आदेश जिल्हा परिषदेने काढावा. त्यासाठी नवा निधी लागत नाही. आणि जे स्वतःच्या पैशाने घर बांधत आहेत, त्यांनी दुसऱ्या आदेशाची वाट पाहू नये. चौकटीची ऑर्डर देण्याआधी सुताराला तीन फूट सांगावे. पोरेबाळे बाहेरगावी नोकरीला गेलेल्या या जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसांना आपले घर सोडावे लागू नये, यासाठी एवढे तर करायलाच हवे.