फेयॉलचे चौदावे तत्त्व

हेन्री फेयॉल हे नाव वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नवे नाही. त्याने सांगितलेल्या व्यवस्थापनाच्या चौदा तत्त्वांतील शेवटचे ‘एस्प्री द कोर’. आमच्या टिपणांत त्याचा अर्थ एका शब्दात उरकलेला असतो : संघभावना. मराठीत एकी, कन्नडमध्ये ‘ओग्गट्टु’. परीक्षेला एवढे पुरते; पण माझ्या मते हा अर्थ अर्धाच आहे.

‘एस्प्री’ लॅटिन ‘स्पिरितुस’वरून आला, त्याचा मूळ अर्थ श्वास. ‘कोर’ म्हणजे शरीर. (आपले ‘कॉर्पोरेशन’ त्याच कुळातले.) अनेक माणसांचे मिळून एक शरीर आणि त्यात एकच प्राण! कल्पना सुंदर आहे. परंतु अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये कारागिरांचे संघ, न्यायाधीशांची मंडळे असे कितीतरी ‘कोर’ आपापले विशेषाधिकार जपून बसले होते. बाहेरच्याला शिरकाव द्यायचा नाही, आतल्याची चूक झाकायची. या वृत्तीवर तेथील विचारवंत हाच शब्द वापरून टीका करीत. राज्यक्रांतीनंतर १७९१ च्या ल शापलिए कायद्याने असे व्यवसायसंघ पुन्हा उभारण्यास बंदीच केली. अर्थात रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला, कारण मजुरीसाठी एकत्र येणारे मजूरही त्यात भरडले गेले. कामगार संघटनांना तेथे कायदेशीर मान्यता मिळाली ती १८८४ मध्ये.

गंमत म्हणजे १९१६ च्या मूळ ग्रंथात फेयॉलने या तत्त्वाला साधे ‘कर्मचाऱ्यांची एकी’ असे नाव दिले होते. ‘एस्प्री द कोर’ आले १९४९ च्या इंग्रजी अनुवादात! त्याने दोन इशारेही दिले होते. शत्रूत फूट पाडणे शहाणपणाचे असेल, पण आपल्याच माणसांत ती पाडू नये. आणि समोरासमोर बोलून मिटणाऱ्या गोष्टीसाठी कागद रंगवू नयेत. दोन्ही इशारे व्यवस्थापकाला आहेत, हाताखालच्यांना नव्हेत. टिपणांत नेमके तेवढेच गळते आणि उरतो तो फक्त एकत्र राहण्याचा उपदेश.

म्हणूनच कोठल्याही कॉलेजात ‘स्पिरिट’ या शब्दाची आठवण सोयीप्रमाणे होते. संमेलनाची वर्गणी गोळा करताना ते सर्वांचे असते. पुढे एखाद्याने खर्चाचा हिशेब मागितला की त्याला सुनावले जाते, “तुझ्यात स्पिरिटच नाही.” वास्तविक त्यानेही वर्गणी भरलेली असते, म्हणजे तो त्याच शरीराचा अवयव. मराठीत याला एकी म्हणत नाहीत; त्यासाठी ‘कंपू’ हा वेगळा शब्द आहे. मात्र त्यावर आम्हाला अजून कोणी पाच गुणांची टीप विचारलेली नाही.