तपासणीपुरते पथ्य पेशींना पुरत नाही

‘डॉक्टर, परवा रक्त द्यायचंय, म्हणून आठवडाभर तळलेलं बंद केलंय.’ बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य नेहमी ऐकू येते. अशा पथ्याने ट्रायग्लिसराइडचा आकडा खाली येऊ शकतो. रिपोर्ट बरा आला की रुग्ण निर्धास्त होतो आणि तळण पुन्हा सुरू होते. पण आपण खाल्लेल्या स्निग्धाम्लांची नोंद रक्तपेशींतही होत असते आणि ती आठवडाभरात पुसली जात नाही.

स्निग्धाम्ले म्हणजे तेला-तुपाचे मूळ घटक. लाल पेशीला ती इंधन म्हणून वापरता येत नाहीत, कारण ती जाळण्याची भट्टी, म्हणजे मायटोकाँड्रिया, तिच्यात नसते. तिचे इंधन फक्त साखर. ती स्वतः स्निग्धाम्ल तयारही करू शकत नाही. तरी तिला ते लागते, आवरणासाठी. स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून तिला दुमडून जावे लागते, म्हणून आवरण लवचीक हवे. अस्थिमज्जेत पेशी घडताना हे आवरण तयार होते. पुढे सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात खराब झालेले स्निग्धाम्ल काढून रक्तद्रवातले नवे बसवण्याची डागडुजी चालू राहते. रक्तद्रवात जे असेल तेच बसते आणि तिथे काय असेल हे बरेचसे आपल्या ताटावर ठरते. म्हणूनच शरीरातील ओमेगा-३ चे प्रमाण पाहण्यासाठी संशोधक लाल पेशींचे आवरण तपासतात.

बिंबिकांचे, म्हणजे प्लेटलेट्सचे, काम वेगळे. त्यांच्या आवरणातील अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून थ्रॉम्बॉक्झेन बनते आणि त्यामुळे बिंबिका एकमेकींना चिकटून गुठळी होते. जखम झाली तर हे वरदान. हृदयाच्या रोहिणीत झाले तर झटका. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांचा अभ्यास केला. सील आणि मासे खाणाऱ्या या लोकांच्या बिंबिकांत ओमेगा-३ जास्त होते आणि त्यांचे रक्त थांबायला जास्त वेळ लागत होता.

असे काही वाचून अनेक जण औषध दुकानातून परस्पर कॅप्सूल आणतात. त्यांना माझे सांगणे असे, की कॅप्सूलच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि जास्त मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढल्याचेही दिसले आहे. अ‍ॅस्पिरिन तर मनाने सुरूही करू नये आणि डॉक्टरांनी दिलेले असेल तर मनाने बंदही करू नये. ते थ्रॉम्बॉक्झेन बनवणारे विकरच निकामी करते. बिंबिकेला केंद्रक नसल्याने ती नवे विकर बनवू शकत नाही. परिणाम तिच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो.

त्यापेक्षा बांगडा, तारली यांसारखे मासे आठवड्यातून एकदोनदा खावेत. शाकाहारी लोकांसाठी जवसाची चटणी आणि अक्रोड आहेत; मात्र त्यातील ओमेगा-३ चा थोडाच भाग शरीरात माशांतल्यासारख्या रूपात बदलतो.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या हातात पूर्णपणे नाही. ट्रान्स फॅटही लाल पेशींच्या आवरणात सापडते आणि ते प्रामुख्याने अन्नातूनच येते. भारतात खाद्यतेल व वनस्पती तुपातील त्याची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्के आहे. नियम चांगला आहे, पण पहाटे कामाला निघणारा मजूर चहाबरोबर जी सुटी खारी खातो, तिच्या पुड्यावर काहीच छापलेले नसते. त्याने ट्रान्स फॅट ओळखायचे कसे? छोट्या बेकऱ्यांतील वनस्पती तुपाचे नमुने नियमित तपासणे आणि निकाल लोकांना कळतील असे जाहीर करणे हे अन्न प्रशासनाचे काम आहे. रुग्णाला पथ्य सांगणाऱ्या आम्ही डॉक्टरांनीही त्यासाठी आग्रह धरला पाहिजे.

आज ताट बदलले तर आजच्या लाल पेशींची जागा नव्या पेशी पूर्णपणे घेईपर्यंत चार महिने जातील. तेव्हा पथ्य तपासणीच्या आदल्या आठवड्यापुरते नको; तपासणी झाल्याच्या दिवसापासून ते सुरू करा.