सातचा आकडा आणि जांभ्याचं पाणी

फिशटँकच्या पाण्याचा सामू सातच असला पाहिजे, हे रत्नागिरीत नवीन टाकी घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं. काचेची टाकी, रंगीत खडे, हवेचा पंप, पिशवीतले चार मासे आणि सोबत दोन लहान बाटल्या. एक सामू चढवायची, एक उतरवायची. कागदी पट्टी बुडवा, रंग बघा, थेंब टाका. हा सल्ला चुकीचा आहे. तो पाळल्यानेच मासे मरतात आणि दोष मात्र आपल्या पाण्यावर येतो. म्हणून हे लिहितो आहे.

सामू म्हणजे काय हे आपल्याकडच्या आंबा बागायतदाराला वेगळं सांगायला नको. माती परीक्षणाच्या अहवालात तो शब्द असतोच. पाण्याची आम्लता मोजायची ही पट्टी सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. तिची एक खोच नीट लक्षात घ्यायला हवी. या पट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. सहाचं पाणी सातच्या पाण्यापेक्षा दहापट आम्ल, आठच्या पाण्यापेक्षा शंभरपट. दिसायला दोन पायऱ्या, माशाच्या कल्ल्यांना मात्र डोंगर.

आधी समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, आपल्या विहिरींचं पाणी आम्लधर्मी आहे; फार आम्ल पाणी माशांना सोसत नाही; म्हणून औषध घालून ते सातवर आणा. यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. आपली जमीन जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस या कातळावर कोसळतो आणि लाखो वर्षांत त्याने दगडातला चुना धुऊन नेला आहे; मागे उरलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. त्या दगडातून झिरपलेलं पाणी मऊच असणार. आपल्याकडे डाळ पटकन शिजते, साबणाला भरपूर फेस येतो, चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरत नाही. देशावरच्या बोअरच्या पाण्याने अंघोळ केलेल्याला हा फरक लगेच कळतो.

चूक आहे ती तिसऱ्या वाक्यात. सामू हा पाण्याचा त्या क्षणाचा आकडा असतो. तो टिकवून धरते पाण्यातली क्षारता, म्हणजे विरघळलेल्या बायकार्बोनेटचा साठा. टाकीत आम्ल रोज तयार होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया येतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते करताना क्षारता खर्च होते. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे सात ग्रॅमहून थोडी अधिक, चुन्याच्या दगडाच्या हिशेबात. बोअरच्या कठीण पाण्याला हा खर्च महिनोन्‌महिने झेपतो. जांभ्याच्या पाण्याकडे मुळात पुंजीच नाही. काही आठवड्यांत ती संपते आणि सामू घसरतो. पट्टीवरचा रंग पुरवठा आटल्याची खूण दाखवत असतो आणि आपण त्या रंगावरच उपचार करत बसतो.

उतरवायच्या बाटलीत आम्ल असतं. ते उरलीसुरली क्षारताही खाऊन टाकतं. आपल्या गावात त्या बाटलीला कामच नाही. चढवायच्या बाटलीत बहुधा सोड्याच्या जातीचा क्षार असतो, तो पदार्थ म्हणून वाईट नाही. वाईट आहे ती घाई.

ही घाई मी स्वतः केली आहे. साठ लिटरच्या टाकीत एंजलची जोडी होती. पावसात दोन महिने पाणी बदललं नव्हतं, सामू सहावर आला होता. ज्या दुकानातून मासे घेतले तिथे विचारलं. थेंब टाकून आजच सातच्या वर न्या, असं सांगितलं. नेला. संध्याकाळी दोन्ही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते, सकाळी तळाशी पडलेले मिळाले. पाणी तर सुधारलं होतं, मग मासे का गेले, हे कोडं मला फार दिवस छळत राहिलं.

उत्तर अमोनियाच्या रसायनात आहे. आम्ल पाण्यात तो बहुतेक सगळा अमोनियम रूपात असतो, जे माशाला फारसं बाधत नाही. सामू चढला की त्यातला काही भाग विषारी अमोनिया होतो. पाण्याचं तापमान २५ अंश धरलं तर सामू सहाला हजारात जेमतेम अर्धा भाग विषारी असतो, सातला सुमारे सहा, आठला पन्नासच्या वर. त्यात भर म्हणजे सहाच्या आम्ल पाण्यात फिल्टरचे जिवाणू मंदावतात, म्हणून न मोडलेला अमोनिया साचत जातो. माझ्या टाकीत तो साचलेला होताच. मी थेंब टाकले आणि एका दुपारीत त्याचं विष केलं. कमी सामूने ते मासे मारले नव्हते. माझ्या दुरुस्तीने मारले.

मुळात तो पट्टीवरचा आकडाही पुष्कळदा फसवा असतो. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि त्यामुळे सामू खाली दिसतो. तेच पाणी बादलीत एक दिवस हवेचा पंप लावून ठेवा आणि पुन्हा मोजा. काहीही न घालता आकडा वर आलेला दिसेल. वनस्पती असलेल्या टाकीत पहाटेचा आणि दुपारचा सामूही सारखा नसतो. घाईघाईच्या एका मोजणीवरून औषध ठरवणं म्हणजे जिना चढून आलेल्याची नाडी बघून हृदयविकार सांगणं.

घरगुती उपायांपैकी चुन्याची निवळी तर टाकीजवळ आणूच नये. तिचा सामू बाराच्या वर असतो. पण त्याच चुन्याचं मूळ रूप, शिंपला, हा आपल्या पाण्यावरचा उत्तम इलाज आहे आणि तो या किनाऱ्यावर घरोघर कचऱ्यात जातो. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपा टाकू नका. उकळा, ब्रशने घासा, कडक उन्हात वाळवा, जाडसर ठेचा आणि मूठभर चुरा पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरमध्ये, वाहत्या पाण्यात ठेवा. पाणी आम्ल असेल तोवर शिंपला विरघळतो आणि क्षारता देतो. सामू सातच्या पुढे सरकला की विरघळणं आपोआप मंदावतं. थेंबांच्या बाटलीला हे थांबणं येत नाही. परिणाम दिसायला दिवस लागतात, आणि तेच माशाच्या भल्याचं आहे.

क्षारता अगदीच शून्यावर आली असेल तर खाण्याचा सोडा चालतो. पन्नास लिटरला एक चहाचा चमचा घातला तर कार्बोनेट कठीणपणा, म्हणजे क्षारतेचंच माप, चारेक अंशांनी वाढतो. पण आधी दोन-तीन दिवस थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया काढायचा, मग तो एक चमचा चार-पाच दिवसांत वाटून द्यायचा. एरवी दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं, तेही दिवसभर हवा दिलेलं. नळाचं असेल तर क्लोरीन मारायला हायपो घालून.

यावर एक आक्षेप रास्त आहे. डिस्कसची पैदास करणाऱ्याला मऊ, आम्ल पाणी मुद्दाम राखावं लागतं. कबूल. पण तो जाणकार माणूसही थेंबांवर विसंबत नाही. आरओचं पाणी मिसळून, पीट किंवा बदामाची वाळकी पानं घालून तो पाण्याची घडणच बदलतो. आणि टेट्रा, एंजल, फायटर पाळणाऱ्या आपल्यासारख्यांना तर जांभ्याचं पाणी ही आयती देणगी आहे. तिथे पुरचुंडी लहान पुरते. गप्पी, मॉली, गोल्डफिश हवे असतील तर शिंपले वाढवावेत. सगळ्यांना एकच सात लावण्यात कुठल्याच माशाचा विचार नाही.

शिरगावला मत्स्य महाविद्यालय असलेलं हे गाव आहे. इथल्या दुकानात सामूची पट्टी मिळते आणि क्षारता मोजायची बाटली मागितली तर विक्रेता गोंधळतो, हे मला लागतं. टाकी विकणाऱ्याने त्या दोन बाटल्यांऐवजी ही एक द्यावी, एवढी माझी मागणी आहे.

माझ्या टाकीत आता पुन्हा एंजल आहेत. महिन्यातून एकदा क्षारता मोजतो. ती तीन-चार अंशांवर असली की सामू बघतही नाही. वर्षाकाठी पुरचुंडी सोडली की आतले तुकडे झिजून गुळगुळीत झालेले असतात. ते झाडाच्या कुंडीत जातात आणि जागी नवे येतात.