सैनिकाची विद्या आणि मालमोटारीचे चाक

अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडलेल्या शिपायास शिक्षणासाठी सरकारी भत्ता मिळतो. हा भत्ता त्याने महाविद्यालयातच खर्चावा, की मालमोटार हाकण्याची उमेदवारी करतानाही तो त्याच्या हाती पडावा? प्रश्न वरवर पाहता दूर देशाचा आहे. परंतु ज्या बेळगावात १९२२ पासून मराठा पलटणीचे शिक्षणकेंद्र उभे आहे आणि ज्याच्या कुशीवरून पुणे-बंगळूर हमरस्त्यावरच्या मालमोटारी रात्रंदिवस धावतात, त्या गावाच्या नागरिकांस तो परका वाटण्याचे कारण नाही. शिपाई आणि ड्रायव्हर ही दोन्ही माणसे आपल्या घरोघरची आहेत.

प्रथम इतिहास पाहू. पहिल्या महायुद्धातून परतलेले हजारो अमेरिकन सैनिक १९३२ साली आपला कबूल झालेला बोनस मुदतीपूर्वी मागण्यासाठी राजधानीत येऊन बसले, तेव्हा त्यांच्याच देशाच्या फौजेने त्यांना तेथून हुसकून लावले. ही लाजिरवाणी आठवण ताजी असतानाच दुसरे महायुद्ध आले. ते संपण्यापूर्वीच, २२ जून १९४४ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. ‘जी. आय. बिल’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. या कायद्याखाली सुमारे ७८ लाख सैनिकांनी शिक्षण घेतले. त्यांपैकी महाविद्यालयांत गेले सुमारे २२ लाख. म्हणजे बहुसंख्य सैनिक विद्यापीठाची पायरी चढलेच नाहीत. सुमारे ३५ लाख धंदेशिक्षणाच्या व इतर शाळांत गेले, सुमारे १४ लाख प्रत्यक्ष कामावर शिकले आणि उरलेले शेतीकडे वळले. तेव्हा शिक्षणाचा पैसा पदवीसाठीच आहे, असे जे म्हणतात त्यांस कायद्याच्या जन्मापासूनचा इतिहासच उत्तर देतो.

आजची व्यवस्था २००८ साली झालेल्या व १ ऑगस्ट २००९ पासून अंमलात आलेल्या कायद्याची आहे. पूर्ण हक्क कमावलेल्या सैनिकास ३६ महिन्यांचा लाभ मिळतो. तो महाविद्यालयात गेला तर फी भरली जाते व राहण्याचा भत्ता मिळतो. मान्यताप्राप्त उमेदवारी पत्करली तर मालकाचा पगार असतोच, शिवाय त्या गावच्या घरभाड्याच्या मानाने ठरलेला सरकारी भत्ताही मिळतो. पहिले सहा महिने तो पूर्ण, पुढील सहा महिने ८० टक्के, नंतर ६०, मग ४० आणि अखेर २० टक्के. पुस्तके व साहित्य यांसाठी दरमहा ८३ डॉलरपर्यंत रक्कम निराळी. महिन्याला किती तास काम झाले याचा दाखला मालकाने द्यावयाचा आणि तास १२० हून कमी भरले तर भत्ता त्या प्रमाणात कापला जावयाचा. उमेदवाराचा हात बसत जाईल तसतसा त्याचा पगार वाढावा आणि सरकारचा टेकू हळूहळू निघावा, ही त्यामागची दृष्टी. योजना विचारपूर्वक आखलेली आहे, यात शंका नाही.

मालमोटार हाकणे हा शिकण्याचा विषयच नव्हे, असे मानणारे सुशिक्षित लोक अमेरिकेत असतील तसे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांनी १९४४ सालचे फ्रान्स आठवावे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजा इतक्या वेगाने पुढे सरकल्या, की त्यांस पेट्रोल व दारूगोळा पोहोचेना. तेव्हा २५ ऑगस्टपासून सुमारे तीन महिने सुमारे ६ हजार मालमोटारींची अखंड साखळी रात्रंदिवस धावत ठेवण्यात आली. ‘रेड बॉल एक्सप्रेस’ हे तिचे नाव. तिच्या चालकांपैकी सुमारे पाऊण हिस्सा काळ्या सैनिकांचा होता. सेनापतींची नावे इतिहासाने जपली, पण सेनापतींच्या रणगाड्यांत पेट्रोल या लोकांनी ओतले. आणि घरी परतल्यावर? कायद्यात वर्णभेदाचा शब्दही नव्हता, परंतु अंमल स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती होता. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या सैनिकास चांगल्या उमेदवारीची दारे बहुधा बंदच राहिली. हक्क कागदावर असणे आणि पदरात पडणे यांत केवढे अंतर असते, हे सीमाभागातील वाचकांस आम्ही सांगावयास नको.

तेव्हा ड्रायव्हरची विद्या ही विद्याच आहे, आणि सैनिकाने तीसाठी आपला हक्क वापरला तर त्यात कमीपणा यत्किंचितही नाही. आमची शंका निराळी आहे. हा भत्ता नावाने सैनिकाचा असला, तरी परिणामी तो मालकाच्या गल्ल्यात तर जात नाही ना?

ही शंका आमच्या मनची नव्हे. मूळ कायदा होऊन दोन वर्षेही पुरती झाली नव्हती, तोच कामावर शिकविण्याच्या नावाखाली जुन्याच कामाला शिक्षण म्हणणारे मालक पुढे आले. शिपायास सरकार पैसे देतेच आहे, मग आपण पगार कशास वाढवावा, असा त्यांचा हिशेब. अखेर १९४६ साली कायदा दुरुस्त करून अशा शिक्षणाची मुदत दोन वर्षांवर आणावी लागली आणि पगार व भत्ता मिळून होणाऱ्या रकमेवर मर्यादा घालावी लागली. म्हणजे गैरव्यवहार मालकांनी केला आणि मर्यादा पडली ती सैनिकाच्या मिळकतीवर!

मालमोटारीच्या धंद्यात हा धोका अधिक आहे. सुताराची वा विजेच्या तारा ओढणाऱ्याची उमेदवारी तीन-चार वर्षांची असते. ड्रायव्हरची नोंदणीकृत उमेदवारी बहुधा २ हजार तासांची, म्हणजे वर्षभराची. त्यातही जड वाहनाचा परवाना पहिल्या काही आठवड्यांतच मिळतो. सैन्यात अशी वाहने हाकलेल्यास तर रस्त्यावरील चाचणीतून सूटही मिळू शकते. परवाना हाती आला की उमेदवार मालकाचा माल वाहू लागतो आणि मालकास नफा मिळवून देऊ लागतो. मग उरलेल्या महिन्यांत तो शिकतो किती आणि राबतो किती? लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरास तेथे बहुधा मैलावर मजुरी मिळते. गोदामाच्या दारात ताटकळत गेलेल्या तासांचा मोबदला पुष्कळदा मिळतच नाही. जादा तासांची दीडपट मजुरी देणारा मध्यवर्ती कायदा १९३८ सालचा आहे, पण या ड्रायव्हरांस तो लागू नाही. परिणामी मोठ्या कंपन्यांत वर्षभरात जितके ड्रायव्हर असतात जवळजवळ तितकेच सोडून जातात. कंपन्या ओरडतात की माणसे मिळत नाहीत. माणसे मिळतात, ती टिकत नाहीत. गळक्या हंड्यात सैनिकांच्या हक्काचे पाणी ओतून तो भरावयाचा नाही.

येथे नुकसान कोणाचे? उमेदवारीत गेलेला लाभ ३६ महिन्यांच्या पुंजीतून वजा होतो. वर्ष संपण्यापूर्वीच कंटाळून तो धंदा सोडणाऱ्या तरुणाची पुंजी गेली आणि विद्याही अर्धवट राहिली. कित्येक कंपन्या शिकविण्याचा खर्च कर्ज म्हणून उमेदवाराच्या नावे मांडतात व तो मुदतीपूर्वी निघाला तर वसूल करतात. मग ज्याने देशासाठी करार पाळला त्याच्याच गळ्यात दुसऱ्या कराराचा फास पडतो.

याचा अर्थ उमेदवारीचा मार्ग बंद करावा असा नव्हे. सैन्यातून निघालेल्या बायको-पोरांच्या धन्यास पहिल्या सहा महिन्यांचे घरभाडे मिळाले नाही, तर तो समोर येईल ती नोकरी पत्करील. भत्ता त्याला थांबण्याचे, निवडण्याचे आणि नीट शिकण्याचे बळ देतो. ते बळ राखावयाचे तर तीन गोष्टी हव्यात. आधीच्या उमेदवारांपैकी किती जणांनी शिक्षण पुरे केले व किती टिकले, हे जाहीर केल्यावाचून कोणत्याही कंपनीस मान्यता देऊ नये. सरकारी भत्ता चालू असलेल्या उमेदवारावर शिकविण्याचे कर्ज लादण्यास मनाई असावी. आणि परवाना मिळताच त्याची मजुरी ड्रायव्हरचीच असावी, उमेदवारीच्या नावाखाली ती दाबून ठेवू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडेही मालमोटारीची उमेदवारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला ना कागद, ना भत्ता. पोराने क्लीनर म्हणून गाडीवर चढावयाचे, चाके ठोकून पाहावयाची, ताडपत्रीचे दोर आवळावयाचे, काच पुसावयाची, वस्तादाच्या शिव्या खावयाच्या आणि रिकाम्या रस्त्यावर तो देईल तेवढाच वेळ स्टिअरिंगला हात लावावयाचा. या शाळेने उत्तम ड्रायव्हर दिले, परंतु तिने कोणास दाखला दिला नाही.

या शाळेच्या दाराशी आता एक नवा विद्यार्थी येत आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तीखाली २०२२ अखेर व २०२३ च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ अखेर व २०२७ च्या आरंभी भरतात. पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान सेवेत राहतील असे योजना सांगते. बाकीचे विशीच्या आसपासच, सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन, पेन्शनवाचून घरी येतील. माजी सैनिकांसाठी पुनर्वसन संचालनालयाचे अभ्यासक्रम आहेत, १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. परंतु मालकाच्या पगारावर दरमहा घरभाड्याचा भत्ता मिळवीत धंदा शिकण्याचा अमेरिकन सैनिकासारखा हक्क आपल्या जवानास नाही. एकरकमी पैसा लग्नात, घराच्या छपरात, भावाच्या कर्जात केव्हा जिरतो ते कळतही नाही. महिन्याच्या महिन्यास मिळणारा आणि शिकण्याशी बांधलेला भत्ता माणसास उभा करतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. दिल्लीने सैनिकासाठी उमेदवारीचा भत्ता कायद्याने द्यावा, त्यात मालमोटारीच्या धंद्यास मानाने स्थान द्यावे आणि अमेरिकेने ठेचा खाऊन जे शिकले ते आपण ठेच न खाता शिकावे. गावोगावच्या माजी सैनिक संघांनी, ड्रायव्हरांच्या संघटनांनी व नगरपालिकांनी तसे ठराव करून आपापल्या खासदारांच्या हाती द्यावेत. पहिली तुकडी घरी परतल्यावर सत्काराचे हार घालणे सोपे आहे. ती परतण्याच्या सुमारास तिच्यासाठी एखादे दार उघडून ठेवणे, हे खरे कर्तव्य होय.